अहेरी विरुद्ध बल्लारपूर : सामन्यापूर्वीचे चार शब्द

सामन्याचा निकाल सामना संपल्यावरच कळतो. तरीही सामन्यापूर्वी त्याचा विचार करण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. ३० जून २००६ रोजी बर्लिन येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी आणि अर्जेंटिना यांची १-१ अशी बरोबरी झाली आणि निर्णय पेनल्टी किकवर आला. जर्मनीचा गोलरक्षक येन्स लेहमान याने मोज्यात एक चिठ्ठी खोचून ठेवली होती. अर्जेंटिनाचा कोणता खेळाडू कोणत्या बाजूस चेंडू मारतो, हे तीवर लिहिलेले होते. चिठ्ठीत सात नावे होती. त्यांपैकी दोघांनीच प्रत्यक्षात किक घेतली. अखेरीस कांबियासो पुढे आला. त्याचे नाव चिठ्ठीत नव्हतेच. लेहमानने तरीही चिठ्ठी काढून शांतपणे वाचली, पुन्हा मोज्यात ठेवली आणि ती किक अडवली. जर्मनी ४-२ असा विजयी झाला.

अशा चिठ्ठीत प्रतिस्पर्ध्याच्या सवयी लिहिलेल्या असतात. परंतु एखादी सवय कोठून आली, हे त्या चिठ्ठीत नसते. आणि परिस्थिती बदलली म्हणजे नेमके तेच ठाऊक असावे लागते. नाताळच्या सुट्टीत बल्लारपूर येथे भरणाऱ्या युवक मेळाव्यातील अंतिम सामन्याविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत, ते याच प्रश्नामुळे.

हा सामना गवताच्या मैदानावर होणार नाही. दोन तरुण आपापल्या मोबाईलवर ‘ई-फुटबॉल’ हा खेळ खेळतील आणि तो मोठ्या पडद्यावर सर्वांना दिसेल. कोळसाखाणीच्या वसाहतीतील धुळीच्या मैदानांवर, शिट्टी आणि आरडाओरडा यांच्या संगतीत आम्ही फुटबॉल पाहिला. बोटांनी खेळावयाच्या फुटबॉलला खेळ म्हणावे काय, अशी शंका आमच्या पिढीस येणे स्वाभाविक आहे. वाचकहो, या शंकेचे उत्तर बाहेरच्या जगाने बऱ्याच अंशी दिले आहे. २०२२ च्या आणि प्रत्यक्षात २०२३ साली भरलेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धांत आभासी फुटबॉलला पदकांचा दर्जा होता. भारताचे दोन खेळाडू तेथे उतरले होते आणि अंतिम सामना थायलंडच्याच दोघांमध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही पैसे लावून खेळावयाचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. तेव्हा जुगाराची भीती बाजूस ठेवून खेळाकडे खेळ म्हणून पाहू या.

या खेळाची मूळ मालिका जपानमधील कोनामी कंपनीने १९९५ साली ‘विनिंग इलेव्हन’ या नावाने सुरू केली. २०२१ पासून ती ‘ई-फुटबॉल’ या नावाने ओळखली जाते. घड्याळ नव्वद मिनिटे दाखविते, खरा वेळ मात्र थोड्या मिनिटांचाच असतो. अकरा खेळाडूंपैकी ज्याच्याजवळ चेंडू असतो, त्यास माणूस चालवितो. बाकीचे ठरवून दिलेल्या रचनेनुसार आपोआप हलतात. संघाने चेंडू ताब्यात ठेवून खेळावे, जलद प्रतिहल्ला करावा, कडेने चाल करावी की लांब चेंडू टाकावेत, हे आधीच निवडावे लागते. म्हणजे अर्धा खेळ सामन्यापूर्वीच ठरतो आणि उरलेला अंगठ्यांवर असतो.

आता खेळाडूंकडे वळू. बल्लारपूरचा मुलगा जलद प्रतिहल्ल्याचा भोक्ता आहे. मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन मध्यरक्षक, एक आक्रमक मध्यरक्षक आणि पुढे तिघे अशी त्याची रचना असते. चेंडू हिसकावून घेतल्यापासून दोन-तीन पासांत तो गोलसमोर पोहोचतो. बचावपटूंच्या मधून पुढे सरकविलेला थ्रू पास हे त्याचे मुख्य शस्त्र. चेंडू गमावताच तो प्रतिपक्षाच्या अंगावर धावून जातो आणि चूक करावयास भाग पाडतो. मात्र त्याचे कडेचे बचावपटू फार पुढे जातात आणि त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा पडते. उपांत्य सामन्यात त्याने स्वीकारलेले दोन्ही गोल याच जागेतून आले होते. त्याच्या घरी फायबरची जोडणी आहे. बोट टेकताच पडद्यावरचा खेळाडू हलतो, आणि त्याचा सारा खेळ या तत्परतेवर उभा आहे.

अहेरीचा मुलगा याच्या अगदी उलट खेळतो. त्याच्या मध्यफळीत तिघे असतात. आखूड पास देत तो चेंडू फिरवीत राहतो, गोलच्या अगदी जवळ गेल्याखेरीज फटका मारत नाही. बचाव करतानाही तो चेंडूवर झेप घेत नाही. पास जेथून जाणार त्या वाटेत आपला खेळाडू उभा करून वाट पाहतो. हा संयम त्याच्या स्वभावातून आला असावा, असे आम्हांस वाटले होते. त्यालाच विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “नेट अटकते ना, काकाजी. झेप घेतली तं तो माणूस तिथं राहतच नाही. मंग बॉल आपल्याजवळ ठेवाचा, घाई कराची नाही.”

या उत्तराने आमची चिठ्ठी बदलली. पहिल्या फेऱ्या पावसाळ्यात, ज्याच्या त्याच्या घरून झाल्या होत्या. अहेरीत त्या दिवसांत कधी वीज जाते, कधी टॉवरवर भार पडतो. दोष अंतराचा आहे, असे अनेकांस वाटते. पण हिशेब वेगळे सांगतो. नागपूर ते मुंबई रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो; तेव्हा एवढे अंतर जाऊन परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यापुढे हे काहीच नव्हे. विलंब होतो तो शेवटच्या टप्प्यात : टॉवरपासून घरापर्यंत, आणि टॉवर मुख्य वाहिनीस कसा जोडला आहे त्यावर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाने व्यापलेला आहे. तेथे रस्त्यांची जी कथा, तीच या अदृश्य रस्त्यांची. पावसाळ्यात नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपण दरवर्षी वाचतो. संकेतांचीही वाट अशीच अडते, एवढेच की ती कोणास दिसत नाही.

अर्थात या मुलाने तिरप्या मैदानावर खेळ शिकला आहे. विलंब गृहीत धरून तो प्रत्येक बटण किंचित आधी दाबतो. पाण्यातील मासा दिसतो तेथे नसतो, हे ओळखून भाला खाली रोखणाऱ्या माणसासारखी त्याच्या हाताला ही सवय जडली आहे. अंतिम सामना मात्र एकाच सभागृहात, एकाच वायफायवर होणार आहे. दोघांनाही संकेत सारख्याच वेगाने मिळेल. आणि डावपेचांचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो : अडचण दूर झाल्यावर अडचणीतून आलेले कौशल्य उपयोगी पडेल, की आड येईल?

आमच्या मते प्रथम ते आड येईल. आधी दाबण्याच्या सवयीमुळे त्याचे पास सहकारी जागेवर पोहोचण्यापूर्वीच सुटतील आणि नेमके असे सैल चेंडू बल्लारपूरच्या मुलाला हवे असतात. म्हणून घड्याळावरील पहिली वीस मिनिटे अहेरीला धोक्याची. त्या काळात त्याने एक मध्यरक्षक मागे खेचावा, पुढे पास देण्याचा मोह टाळावा, वाटल्यास चेंडू गोलरक्षकाकडे परतवावा आणि हाताला नवी वेळ कळू द्यावी. बल्लारपूरच्या मुलाने याच काळात सर्व जोर लावावा. उत्तरार्धासाठी राखून ठेवण्यात त्याचा लाभ नाही.

वेळ जुळली म्हणजे पारडे फिरेल. जो मुलगा चेंडू कोठे जाणार हे आधी ओळखून उभा राहण्यास शिकला, त्याला आता तत्परताही मिळेल. ओळखण्याची शक्ती वायफायने येत नाही आणि वायफाय बदलल्याने जातही नाही. प्रतिपक्ष अंगावर धावून आला की आखूड पासांनी त्याला एका बाजूस ओढावे आणि लगेच दुसऱ्या कडेला लांब पास टाकावा. कडेच्या बचावपटूंमागची मोकळी जागा तेथे वाट पाहत असते. बल्लारपूरच्या मुलास यावर उपाय एकच : आघाडी मिळताच दोन्ही कडेच्या बचावपटूंपैकी एकाला मागेच ठेवावे. तो तसे करील काय? आजवर त्याने केलेले नाही.

पेनल्टीवर निर्णय गेला तर? इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता या अर्थशास्त्रज्ञाने १,४१७ पेनल्टी किकांचा अभ्यास करून २००३ साली असे दाखविले की, व्यावसायिक खेळाडू डावी-उजवी बाजू अशी मिसळतात की प्रतिपक्षास क्रम सापडू नये. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली गणिताने सिद्ध केलेल्या तत्त्वाशी हे जुळते. आमचे दोन्ही तरुण अजून तेथवर पोहोचलेले नाहीत. बल्लारपूरचा मुलगा एका बाजूस गोल झाला की पुढची किक हटकून दुसऱ्या बाजूस मारतो. अहेरीच्या मुलाने हे टिपून ठेवले आहे की नाही, हे आम्ही त्याला विचारले नाही. आणि सांगितलेही नाही. दोघांनाही ही चिठ्ठी एकाच दिवशी वाचावयास मिळावी, हे न्याय्य.

आमचा अंदाज असा : मध्यंतरास बल्लारपूर एका गोलने पुढे, आणि अखेरीस अहेरी २-१ असा विजयी. परंतु हा अंदाज एका अटीवर अवलंबून आहे. अहेरीहून आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी असा बसचा प्रवास करून येणारा मुलगा उतरताच पडद्यासमोर बसविला गेला, तर पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल होतील आणि लोक म्हणतील, जंगलातला मुलगा दडपून गेला. ते खरे नसेल. त्याच्या अंगठ्याला केवळ नव्या वेळेची ओळख झालेली नसेल. तेव्हा आयोजकांस आमची विनंती आहे की, सामन्यापूर्वी त्याला त्याच वायफायवर दोन सराव-सामने खेळू द्यावेत, आणि सामना चालू असताना ती जोडणी त्या दोन मोबाईलांपुरतीच राखावी. सभागृहातील इतर दोनशे फोन तीवर असू नयेत. बल्लारपूरच्या मुलाला आम्ही हे सांगितले, तेव्हा तो लगेच म्हणाला, “द्या ना, काका. नाहीतर जिंकून मजा काय?”

मैदान सपाट करण्याचे काम खेळाडूंचे नव्हे, ते आधीच करून ठेवावयाचे असते. सरावासाठी अर्धा तास पुरे आहे.