दीडशे मिलिमीटर

1.
न्यूझीलंडमधल्या आओराकी शिखराची उंची 3724 मीटर. 1:25,000 प्रमाणात 149 मिलिमीटर. त्याच प्रमाणात कळसूबाई 66.

2.
घरी बांधलेले सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारी यंत्रे, बहुधा पाट्या कोरण्यापुरते असतात. फळी पातळ, बीट आखूड, गँट्री बुटकी. डोंगर कोरायचा तर ठोकळा 150 मिमीचा, बीटही तेवढेच बाहेर. त्याचे टोक ठोकळ्याच्या माथ्यावरून न अडकता जायला हवे, म्हणजे स्पिंडलचे तोंड टेबलापासून 300 मिमीवर. खोली जितकी हवी, त्याच्या दुप्पट उंची मोकळी सोडावी लागते.

3.
बीट दुप्पट लांब काढले की तेवढ्याच जोराला आठपट वाकते. जाडी दुप्पट केली की सोळापट ताठ होते. म्हणून बुडाशी जाड, टोकाशी निमुळते बीट.

4.
अरुंद घळीत उतरताना आधी घासतो तो बीट धरणाऱ्या कोलेटचा नट.

5.
गँट्री सरकती ठेवली की जागा वाचते, पण तिचे खांब 300 मिमीहून उंच झाले की त्यांच्या बुडाशी असलेली जराशी ढिलाई वर बीटापर्यंत वाढत जाते. मी गँट्री स्थिर ठेवून टेबल सरकवणार. यंत्राची लांबी टेबलाच्या जवळजवळ दुप्पट होईल. गॅरेजमधली गाडी बाहेर उभी राहील.

6.
वीज गेली की जड स्पिंडल आपल्या वजनाने खाली येतो. बॉल स्क्रूत त्याला धरून ठेवण्याइतके घर्षणच नसते. झेड अक्षाला ब्रेक हवाच.

7.
आकार कोरूनच घडतो असे नाही. ख्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटनने (1950–1995) व्ही1000 मोटरसायकलच्या अंगाचा आकार तारा आणि गरम गोंदाने घडवला, मग तो कार्बन फायबरमध्ये उतरवला. तिच्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयातल्या गॅलिपोलीच्या प्रदर्शनासाठी वेटा वर्कशॉपने सैनिक घडवले, माणसाच्या 2.4 पट. 2.4 चा घन जवळजवळ 14, म्हणजे घनफळ तितके पट.

8.
लँड इन्फर्मेशन न्यूझीलंडकडे साऱ्या देशाचा उंची-नकाशा खुला मिळतो: 8 मीटरच्या चौकटी, 20 मीटरच्या समोच्च रेषांवरून काढलेल्या. माझ्या ठोकळ्यावर 8 मीटर म्हणजे 0.32 मिमी. त्याहून बारीक कोरले तर पृष्ठभाग गुळगुळीत होईल, डोंगर वाढणार नाही.

9.
14 डिसेंबर 1991 ला कडा कोसळून आओराकीचे शिखर 10 मीटरने खाली आले. ठोकळ्यावर 0.4 मिमी.

10.
हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या यंत्रावर होणार नाही. तो आत वळलेला आहे आणि तीन अक्षांचे बीट फक्त वरून उतरते. उंची-नकाशातही एका बिंदूला एकच उंची असते, त्यामुळे कड्याची पोकळी यंत्रापर्यंत येण्याआधीच, माहितीतच, बुजलेली असते. चौथा-पाचवा अक्ष जोडला, तरी तेवढ्याने भागत नाही. कडा समोरून मोजावा लागेल. हे काम मला फार मोलाचे वाटते. कुणीतरी करावे.

11.
150 मिमी जाडीचा पाइन सहज मिळत नाही. इथे न्यूझीलंडमध्ये घरांच्या भिंतींत वापरतात तो रेडिएटा पाइन 90 बाय 45 मिमीचा. चार थर चिकटवून वरचा भाग तासावा लागेल. थर सुटे कोरले तर आखूड बीट पुरेल, हे खरे. पण मग सांध्याशी दोन कडा जुळवत बसावे लागते. अखंड ठोकळ्यात बीट सांध्यावरून थेट खाली जाते, उतार तुटत नाही. समुद्रसपाटी तळाशी धरली तर सांधे येतील 1125, 2250 आणि 3375 मीटरवर.