ताणातलं लाकूड

३ जून २०२०, बुधवार, श्रीवर्धन
दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली. आम्ही सगळे माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं, तर जिथं रोज वाडी दिसायची तिथं नुसतं आभाळ होतं.

४ जून, गुरुवार
आडव्या पोफळी मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या. माड मधोमध मोडलेत. आजीनं लावलेला रायवळ आंबा मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर आडवा पडलाय. विजेचा खांब वाकलाय, तारा फांद्यांत अडकल्यात. मी कोयता घेऊन निघालो तर काकांनी हात धरला. "गावात वीज नसली तरी कुणी जनरेटर लावला की तारेत उलटा प्रवाह येऊ शकतो. महावितरणची माणसं येऊन सांगेपर्यंत तिकडं पाऊल टाकायचं नाही." तेवढा कोपरा दोर बांधून बंद केला.

५ जून, शुक्रवार
आज वटपौर्णिमा. वडाकडे जायची पाखाडी झाडांनी बुजलेली, म्हणून आईनं अंगणातूनच हात जोडले.
काका झाडं कापायचा साखळीचा कटर घेऊन आले, पण सुरू केला नाही. अर्धा तास आंब्याभोवती फिरत राहिले. मग एक ओली काठी वाकवून माझ्या हातात दिली. "बाहेरच्या अंगाला साल ताणली जाते, आतल्या अंगाला दाबली जाते. झाडाचंही हेच. पहिला काप दाबाच्या अंगानं, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. मग ताणाच्या अंगानं, हळूहळू. आणि ते लाकूड सुटलं की जिकडं उसळणार, तिकडं आपण कधी उभं राहायचं नाही."

६ जून, शनिवार
आळीत एकानं दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका वरूनच कापत नेला. मधला भाग खाली बसला, काप मिटला आणि कटरची पट्टी आत अडकली. तो ती हिसकायला लागला, तेव्हा काका ओरडले. कटर बंद करून, ओंडक्याखाली टेकू देऊन, कापात लाकडी पाचर ठोकल्यावर पट्टी सुटली.
आमच्याकडे मनगटाएवढ्या जाडीचा रातांबा आंब्याच्या फांदीखाली धनुष्यासारखा वाकून अडकला होता. मी एका घावात तोडणार होतो. काकांनी मला बाजूला केलं आणि बाकाच्या आतल्या अंगानं थोडं थोडं तासत गेले. लाकूड कुरकुरत सैल झालं, मगच त्यांनी ते तोडलं. एका घावात तोडलं असतं तर तेच खोड माझ्या तोंडावर बसलं असतं.

७ जून, रविवार
आज आंबा. आधी मागे पळायची वाट साफ केली. ज्या फांद्यांवर बुंध्याचा भार नव्हता त्या आधी उतरवल्या. जमिनीत रुतून बुंधा तोलून धरणाऱ्या शेवटी. कठड्यापलीकडे शेंडा अधांतरी होता. तिथं ताण वरच्या अंगाला, म्हणून पहिला काप खालून. मूळ आणि कठडा यांमधल्या भागात ताण खाली, म्हणून तिथं पहिला काप वरून. एकाच झाडावर चार हातांच्या अंतरात नियम उलटा झाला. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग काकांनी एकदाही लाकडाला लागू दिला नाही. तो लागला की यंत्र उसळून अंगावर येतं.
मुळाजवळच्या कापाआधी त्यांनी मुलांना अंगणात पाठवलं. मुळांची मातीसकट उभी राहिलेली चकती माणसापेक्षा उंच होती आणि मुलं कालपासून तिच्याखालच्या खड्ड्यात खेळत होती. मुळाशी दोन हात बुंधा ठेवून कापलं. शेवटचे धागे तुटताच ती चकती धप्पकन परत खड्ड्यात बसली. जमीन हादरली. आई दारात उभी होती. तिनं धाकट्याला जवळ ओढलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

११ जून, गुरुवार
मान्सून हर्णैपर्यंत आल्याचं बॅटरीच्या रेडिओवर कळलं. वीज अजून नाही. गावात कटरचे आवाज वाढलेत, कारण पाऊस लागायच्या आत प्रत्येकाला आपलं अंगण मोकळं करायचंय. म्हणून वाडीवाल्यांना हात जोडून सांगतो: एकट्यानं कटर हाती घेऊ नका. आधी झाडाभोवती फिरा, ताण कुठं आहे ते बघा, कळलं नाही तर जाणत्याला बोलवा. वर अडकलेल्या फांदीखाली उभं राहू नका. मुलांना मुळांच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. आज लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातील. तिला रोज शिंपणं घालायला घरातली सगळी माणसं धडधाकट हवीत.