सुरांखालची अक्षरं

गेले काही महिने मी एक नवा उद्योग मागे लावून घेतला आहे. आईच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल मी कॉम्प्युटरवर लिहून काढते आहे, आणि तीही आपल्या सा-रे-ग-म मध्ये नाही, तर पाश्चात्य पद्धतीने, पाच रेघांवर. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला हे आता काय सुचलं! म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईच्या ओव्यांचे शब्द आमच्याकडे एका वहीत आहेत. चाल मात्र आता फक्त अक्काला येते. अक्का माझी थोरली बहीण, वय वर्षे 84. सकाळी काय खाल्लं हे तिला दुपारी आठवत नाही, पण ओवी सुरू केली की शेवटपर्यंत जाते. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलेलं आहे. पण आवाज कापरा झाला आहे, मध्येच दम लागतो, आणि प्रत्येक वेळी चाल थोडी वेगळी येते. अक्काची नात टोरोंटोला असते आणि व्हायोलिन शिकते. तिने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि फोनवर म्हणाली, "मावशीआजी, मला हे लिहून दे ना, मी वाजवीन." तिला येते ती स्टाफ नोटेशन. मग मला ती शिकणं भाग होतं.

ओव्यांच्या शब्दांसाठी आपल्याकडे फार मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या पारीच्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, त्यातल्या काही तर त्या बायकांच्या आवाजातसुद्धा ऐकता येतात. ऐकल्या नसतील तर जरूर ऐका. ऐकताना लक्षात येतं की शब्द गावोगाव फिरतात, पण चालीचा ढंग मात्र त्या त्या घराचा, त्या त्या बाईचा असतो. आमच्या आईची चाल तर कुणाच्याच संग्रहात नाही.

आपल्याकडे गाणं लिहायची पद्धत नव्हती असं नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो चिजा लिहून ठेवल्या. वर स्वर, खाली शब्द. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. स्वर लांबला तर त्याच्यापुढे आडवी रेघ, आणि खाली अक्षर लांबलं तर अवग्रह, म्हणजे 'ऽ'. लहानपणी पेटी शिकताना मी हेच गिरवलं होतं. त्यामुळे आईची चाल मी आधी वहीत अशीच लिहिली. चाल लहानशीच आहे. मंद्र नी ते पंचम, त्यातला गंधार कोमल. एवढ्याशा जागेत ती बाई तास तास गात असे.

आता कॉम्प्युटर. मी म्यूजस्कोअर वापरते. फुकट आहे, आणि घरबसल्या शिकता येतं. सा कुठला धरायचा ते ठरवलं की स्वर मांडणं फारसं अवघड नाही. खरी गंमत शब्द घालताना आहे. पहिला स्वर निवडायचा, कंट्रोल आणि एल ही बटणं एकदम दाबायची, की स्वराखाली कर्सर लुकलुकायला लागतो. शब्दाचा पहिला तुकडा लिहायचा आणि हायफन दाबायचा, की कर्सर पुढच्या स्वराखाली जातो. शब्द संपला की स्पेस. शेवटचा तुकडा पुढच्या स्वरांवर लांबवायचा असेल तर अंडरस्कोअर, म्हणजे तेवढी रेघ ओढली जाते. आपला अवग्रहच म्हणा ना! एंटर दाबलं की खाली दुसऱ्या कडव्याची ओळ मिळते. मूळ अक्षरवळण रोमन लिपीसाठी असल्यामुळे देवनागरीचा एक चांगला फॉन्ट तेवढा निवडून द्यावा लागतो.

थोडक्यात काय, हे यंत्र प्रत्येक शब्दापाशी थांबून एकच प्रश्न विचारतं: या शब्दाचे तुकडे किती? आणि तिथेच माझी गाडी अडली.

आईच्या एका ओवीत माहेरच्या वाटेवरचा पिंपळ आहे. आता 'पिंपळ' हा शब्द नुसता बोलून बघा. पिम्-पळ. दोनच तुकडे. शेवटच्या ळ मधला 'अ' आपण बोलताना गिळतो. 'वाट' म्हणताना तर एकच झटका, वाट्. इंग्रजी शब्दकोशात शब्द कुठे तोडायचा ते दिलेलं असतं, आपल्या कोशांना तशी गरज पडली नाही. म्हणून मी अक्कालाच विचारलं, "अक्का, तू पिंपळ कसं म्हणतेस?" ती म्हणाली, "पिंपळ. आणखी कसं म्हणणार? शिक्षिका तू का मी?" मग म्हटलं, बरं, गाऊन दाखव. तर गाताना तिचे तीन तुकडे झाले, पिं-प-ळ. आणि शेवटचा ळ चांगला ऐसपैस, दोन मात्रांचा. बोलताना जो 'अ' तोंडातल्या तोंडात राहतो, तो गाण्यात अगदी पाय पसरून बसतो.

शाळेत अभंगाचं वृत्त मी वर्षानुवर्षं शिकवलं. मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6 आणि 4 अक्षरं. मुलं बोटांवर मोजायची. मोजताना 'विठ्ठल' ची अक्षरं तीन, वि-ठ्ठ-ल. वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारायचा, "बाई, आपण तर विठ्-ठल म्हणतो, मग दोनच झाले ना?" मी सांगायची, लिहिलेलं मोजायचं. उत्तर बरोबरच होतं, पण त्यामागचं कारण मला अक्काच्या ळ ने दिलं. संतांनी अक्षरं मोजली ती कागदावरची म्हणून नव्हे, ती गायची होती म्हणून. गाण्यात प्रत्येक अक्षराला आपापली जागा मिळते, मुका 'अ' सुद्धा तिथे बोलता होतो.

नातीला देवनागरी वाचता येत नव्हतं. मराठी बोलते छान, पण वाचन नाही. म्हणून तिच्या सांगण्यावरून खाली दुसरी ओळ रोमन अक्षरांत घालून पाहिली. ळ साठी एल आणि ए. तिने ते गाऊन पाठवलं, आणि झालं 'पिंपळा'! अहो, 'पिंपळ' आणि 'पिंपळा' यात केवढा फरक. एक वाटेवर उभा आहे, दुसऱ्याला कुणी हाक मारतंय. नुसता एल ठेवला, तर स्वराला धरायला काहीच उरत नाही, ओठांवर येऊन गाणं थांबतं. त्या मधल्या लहानशा 'अ' साठी रोमनमध्ये सोय दिसेना.

तेव्हा ती रोमन ओळ काढून टाकली आणि तिला म्हटलं, "तू देवनागरीच शीक. एका स्वराखाली एकच अक्षर आहे, घाई नाही." आणि खरंच, तीन-चार आठवड्यांत ती त्या कागदावरून अक्षरं ओळखायला लागली. बाराखडी न घोकता, सुरांच्या आधाराने! रोमन शब्द सुरांखाली बसवायचा तर तो आधी तोडावा लागतो. आपली लिपी मुळातच तोडलेली, म्हणजे अक्षराअक्षराने मांडलेली आहे. जोडाक्षरसुद्धा एकत्रच ठेवायचं. 'विठ्' असा पाय मोडून लिहिलं तर पोर सुरुवातीलाच जीभ टाळूला लावते. 'वि' लिहिलं की इकारावर सूर धरते आणि पुढच्या स्वरावर 'ठ्ठ' म्हणते. अक्का तसंच गाते.

सगळं काही लिहिता येतं असं मात्र नाही. 'पिं' वर दोन स्वर आहेत. पहिला इकारावर, दुसऱ्या स्वरावर अक्का ओठ मिटून नुसती गुणगुणते. तिथे मी खाली एक पाय मोडका 'म्' लिहिला आणि मुलीला फोनवर समजावलं. गंधाराचं ते हलकं डोलणं कागदावर नाही. लय तर जात्याची. दाणे जाड पडले की हात जड, ओवी सावकाश. सॉफ्टवेअरला ठरावीक मात्रांचा घर हवा असतो, मी तो दिला, पण तालाचा आकडा कागदावर दिसणार नाही असा लपवला. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर वाजवून दाखवतो ते ऐकून अक्का म्हणाली, "सूर बरोबर आहेत गं, पण ही बाई दळत नाहीये." म्हणून कागदाबरोबर रेकॉर्डिंगही ठेवायचंच.

आणखी एक. फिनाले नावाचं फार नावाजलेलं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर सुमारे 35 वर्षं चालून 2024 च्या ऑगस्टमध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. ज्यांचं आयुष्यभराचं काम त्यात होतं, त्यांची धावपळ झाली असणार. म्हणून मी प्रत्येक ओवी तीन प्रकारे ठेवते. म्यूजस्कोअरची फाइल, कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी म्युझिक-एक्सएमएल फाइल, आणि छापलेला कागद. कागदावर माझा विश्वास जास्त.

आतापर्यंत अकरा ओव्या झाल्या. वहीत चाळीसेक आहेत. चाल एकच असली तरी प्रत्येक ओवीत अक्षरं कमीजास्त, त्यामुळे प्रत्येक वेळी ती थोडी मुरडते, आणि ती मुरड अक्कालाच ठाऊक. दुपारी चहानंतर तिचा आवाज बरा लागतो, तेव्हा दोघी बसतो. घरच्यांनो, तुमच्यापैकी कुणाला आईची एखादी ओवी, अर्धीमुर्धी का होईना, चालीसकट आठवत असेल तर फोनवर गाऊन पाठवा. नुसते शब्द नकोत. बोलून दाखवलंत तर तो ळ पुन्हा गिळाल!