आधी तंटा, मग कलम

मालवण

चि. बाय,


"आत्या, ज्युरिस्प्रुडन्सला कोण विचारतं? गाइड वाचून पास झालं की सुटले," असं तू म्हणालीस आणि रात्रभर मला झोप नाही. दांडीच्या किनाऱ्यावरच्या त्या दाव्यात आजोबांनी काय सोसलं ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या नातीने हे बोलावं?

तू ऑस्टिन आणि हार्ट यांच्यातला फरक विचारलास. ऑस्टिन म्हणतो, कायदा म्हणजे सार्वभौमाचा हुकूम. मोडला की शिक्षा. हार्टने 1961च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की माणसं नियम भीतीपोटीच पाळतात असं नाही, ते आपले मानतात म्हणूनही पाळतात. आता रापण आठव. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. कोणाची रापण आधी, जाळ्याचा वाटा किती, ओढणाऱ्याचा किती, हे कुठल्या विधानसभेने ठरवलं गो? वाटपात खोटेपणा करणाऱ्याच्या दोराला उद्या कोण हात लावणार? हीसुद्धा शिक्षाच, म्हणशील. मग इथला सार्वभौम कोण, ते सांग.

आता लिहिलेला कायदा बघ. सरकारचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981चा. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर निर्बंध आले 5 फेब्रुवारी 2016च्या आदेशाने. 2021च्या दुरुस्तीत दंड वाढला, निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे गेला. तरी समुद्रात भांडणं होतातच, कारण मुळातला प्रश्न तसाच आहे: हा समुद्र कोणाचा? नुसती कलमं घोकणाऱ्याला तो दिसतच नाही. म्हणून वर्गात आधी तंटा मांडावा, कलम मागाहून काढावं, हा माझा हट्ट.

बाबासाहेब 1935 ते 1938 मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी 1936 मध्ये लेख लिहिला आणि प्राचार्य असतानाच, 17 सप्टेंबर 1937 रोजी, कोकणातली खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. आपला मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच. खोती बेकायदा नव्हती, बाय! कायदेशीर आणि न्याय्य यांच्यातली दरी दाखवणारा हा धडा तुझ्या गाइडात आहे का?

फोनवर आवाज खोल गेला होता तुझा. वेळेवर जेवतेस ना? त्या मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप कर, मी आड येणार नाही. पण उद्या किनाऱ्यावर हॉटेल बांधणारा कोणी तिथे आला आणि सातबाऱ्यावर रापणकराचं नाव नाही, म्हणून त्याचा हक्कच नाही, असं तू बिनदिक्कत लिहून दिलंस तर? मला त्याची धास्ती वाटते. तुझ्या हुशारीमुळे तर जास्तच.

दिवाळीला ये. दांडीवर जाऊन वाट्याचे नियम स्वतः विचारून लिहून काढ. कोणाला वाटा मिळत नाही आणि का, तेही विचार. रूढी म्हणजे न्याय, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

तुझी,
आत्या