जन्मवेळ

जन्मवेळेवाचून आपले काही अडत नाही, असे म्हणणारी माणसेसुद्धा घरात बाळ झाले की आधी घड्याळ पाहतात. माझे तर एका फाइलीच्या जन्मवेळेवाचून अडले.

कादंबरी पुरी झाली होती. ती वडिलांना अर्पण करायची होती. पण पहिले पान लिहिले तेव्हा ते हयात होते की नव्हते? त्या वर्षीचे दिवस मनात एकमेकांत मिसळून गेले आहेत. म्हटले, फाइलीलाच विचारावे. माझ्या संगणकावर लिनक्स आहे आणि शाळेतल्या मुलांबरोबर मीही थोडे पायथन शिकलो आहे. त्याच्या ३.१२ या आवृत्तीच्या भांडारात ‘गेट-सी-टाइम’ नावाची आज्ञा सापडली. ‘सी’ म्हणजे ‘क्रिएशन’, असे कोणालाही वाटावे! विंडोजवर तो तसा आहेही. लिनक्सवर मात्र तो ‘चेंज’चा; फाइलीची नोंद शेवटी कधी बदलली, एवढेच सांगणारा. लिनक्सवर जन्मवेळ सांगणारी आज्ञा त्या भांडारात नाहीच.

गंमत अशी की, लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर गेले, त्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीत ही नोंद होती. पुढे ती गळाली. लिनक्सच्या गाभ्याने २०१७ साली जन्मवेळ विचारण्याची सोय केली. पायथनच्या या आवृत्तीपर्यंत ती पोचली नाही. शेवटी लिनक्सचीच ‘स्टॅट’ ही आज्ञा चालवली. तारीख आली गेल्या मंगळवारची! काही लेखन-प्रोग्रॅम दर वेळी नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात. म्हणजे माझी कादंबरी दर जतनाला नव्याने जन्मत होती.

वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातली निम्मी मुले १ जूनचीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली सोयीची तारीख ती. आजी म्हणे, “भाताची लावणी चालली होती, तेव्हा हा झाला.” मला आजीची नोंद अधिक खरी वाटत आली आहे.

मग मीही तसाच शोध घेतला. पहिले पान लिहिताना टेबलाशेजारी गळतीखाली घमेले ठेवले होते, त्याची टपटप अजून कानात आहे. ते छप्पर वडिलांनी जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात उभे राहून शाकारून घेतले. त्यानंतर ते गळलेले नाही.

अर्पणपत्रिका मी त्याच रात्री लिहिली.