हिंगोलीची छावणी आणि परिचारिकेचें शिक्षण

राज्यें जातात, सरहद्दी बदलतात, पण वस्त्यांचीं नांवें सहसा मरत नाहींत. हिंगोली शहरांत रिक्षावाल्यास 'पलटण', 'रिसाला' किंवा 'तोफखाना' एवढेंच सांगितलें, तर तो न अडखळतां नेमक्या ठिकाणीं नेऊन सोडतो. परंतु तेथें उतरून पाहावें, तर ना पलटण, ना घोडे, ना तोफा. सव्वाशें वर्षांपूर्वीं उठून गेलेल्या एका छावणीचीं हीं नांवें आहेत. त्यांतच आणखी एक नांव आहे: 'पेन्शनपुरा'. औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाचें दर्शन घ्यावें, संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूज्य असलेल्या नर्सीस जावें आणि परत फिरावें, असा येथील यात्रेकरूंचा क्रम. आम्हीही तो पाळला. पण मन गुंतून राहिलें तें या पेन्शनपुऱ्याच्या नांवापाशीं.

पूर्णेहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें शहर लागतें. जवळून कयाधू नदी वाहते. भोंवतालीं काळी जमीन, कापसाचीं आणि हळदीचीं शेतें. १९९९ च्या १ मे रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीं, १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाचा. निजामाच्या खर्चानें, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी फौज राहत असे, तिला पुढें 'हैदराबाद कॉन्टिंजन्ट' हें नांव पडलें. बोलारम, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर, अशा तिच्या ज्या छावण्या होत्या, त्यांत हिंगोली ही एक. या फौजेच्या खर्चापायींच १८५३ च्या तहानें निजामास वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. १९०३ मध्यें या फौजेचें स्वतंत्र अस्तित्व संपलें. ती हिंदी सैन्यांत मिसळून गेली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या पायदळांतून १९२२ मध्यें एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट सिद्ध झाली व तिनेंच १९४५ मध्यें 'कुमाऊं रेजिमेंट' हें नांव धारण केलें. ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगाम येथें, हातास प्लास्टर असतांना लढत राहून देह ठेवणारे आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. एवढ्या मोठ्या वृक्षाची एक मुळी कयाधूच्या कांठीं रुजलेली आहे, याचा येथील लोकांस अभिमान वाटावा.

पेन्शन घेतलेले शिपाई जेथें राहिले, तो पेन्शनपुरा, असा त्या नांवाचा सरळ अर्थ. सैनिकाची नोकरी संपली म्हणजे त्याची जबाबदारी संपत नाहीं, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. कामावर असतां मरण पावलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें, असें कौटिल्यानें सांगून ठेविलें आहे. रणांत सैन्याच्या पाठीशीं शस्त्रें व औषधें घेतलेले वैद्य असावेत आणि अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया असाव्यात, ही व्यवस्थाही त्याच्या अर्थशास्त्रांत आहे. सुश्रुतानें तर सेनेसोबतच्या वैद्यासाठीं 'युक्तसेनीय' हा स्वतंत्र अध्याय रचिला. युद्धाच्या वेळची चिकित्सा झाली, मृत्यूनंतरचें वेतन झालें. परंतु या दोहोंच्या मधलीं जीं तीस-चाळीस वर्षें शिपाई घरीं काढतो, त्या वर्षांतील शुश्रूषेचें काय?

हिंदुस्थानांत फौजी परिचारिकांचा आरंभ १८८८ मध्यें झाला. त्या वर्षींच्या २८ मार्चास दहा शिकलेल्या परिचारिका विलायतेहून मुंबईस उतरल्या. पण त्यांची सेवा गोऱ्या शिपायांपुरती होती. देशी शिपायांच्या इस्पितळांसाठीं कायमची परिचारिकासेवा उभी राहण्यास १९२६ साल उजाडलें. तोंवर हिंगोलीची छावणी उठून तेवीस वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां पेन्शनपुऱ्यांतील म्हाताऱ्या शिपायांचें दुखणेंखुपणें निस्तरलें तें त्यांच्या बायकांनीं, सुनांनीं आणि लेकींनीं. आणि तें कसें करावें, हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें.

आज परिस्थिति पुष्कळ सुधारली आहे, हें नमूद केलें पाहिजे. पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पाठीच्या कण्यास इजा होऊन पांगळे झालेल्या जवानांसाठीं खडकीचें पुनर्वसन केंद्र १९७४ मध्यें निघालें. पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत १९६४ पासून फौजी परिचारिका तयार होतात. १ एप्रिल २००३ पासून निवृत्त सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलीं माणसें यांच्यासाठीं अंशदायी आरोग्य-योजना चालू आहे. परंतु पुणें हिंगोलीहून चारशें किलोमीटरांपेक्षां अधिक दूर. खेड्यांतल्या घरीं रात्रीं-अपरात्रीं जें घडतें, तेथें या संस्थांचा हात सहजासहजीं पोंचत नाहीं.

या जिल्ह्यांतील एका खेड्यांत आमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे आम्ही उतरलों होतों. त्याच्या शेजारीं एक निवृत्त हवालदार राहतात. तोफखान्यांत उभी हयात गेलेली, वय सत्तरीच्या पुढें. त्यांची सून सांगूं लागली, "गुरुजी, पहाटे चहा झाला कीं मी मामांच्या पायाला हात लावून उठवायची. ते ताडकन् उठायचे आणि हात उगारायचे. एकदां कपबशी फुटली, एकदां माझं मनगट मुरगळलं. मग त्यांनाच रडूं कोसळायचं." गांवांत बोलवा झाली, कीं म्हाताऱ्यास कांहीं बाधा आहे. देवऋषी झाला, दंडांत गंडा बांधून झाला. पुढें आरोग्य केंद्रांतील परिचारिका नातवाला लस टोंचण्यासाठीं आली असतां हें तिच्या कानीं गेलें. तिनें एकच प्रश्न विचारला: "आजोबा फौजेंत होते का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच! तिनें सांगितलें, "झोपलेल्या फौजी माणसाला हात लावून उठवूं नका. दिवा लावा, उंबऱ्यांत उभ्या राहा आणि हाक मारा." तोफांच्या आवाजानें त्यांचा डावा कान गेला आहे, हेंही तिच्याच ध्यानांत आलें. घरचीं माणसें नेमकीं त्याच बाजूनें बोलत आणि उत्तर आलें नाहीं म्हणजे 'म्हातारा आढ्य झाला' म्हणत. मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे त्यांना एकदां घेऊन जा, असेंही ती बजावून गेली. गंडा अजून दंडांत आहे. पण सुनेच्या मनांतली भीति गेली आहे.

त्या बाईला हें कोणत्या वर्गांत शिकविलें, असें आम्हीं विचारलें. उत्तर मिळालें, कीं वर्गांत नाहीं. तिचा सख्खा भाऊच फौजेंत होता. म्हणजे त्या घराचें दैव बलवत्तर, म्हणून नेमकी तीच परिचारिका तेथें आली. दुसरी कोणी आली असती, तर लस टोंचून निघून गेली असती, आणि त्यांत तिचा दोष नसता. दैवावर सोंपविलेली ही गोष्ट शिक्षणानें हातीं घेतली पाहिजे, हेंच आमचें सांगणें.

चरकानें परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आपल्या समाजाची समजूत अशी, कीं सेवा हा स्त्रीचा स्वभावच. तो काय शिकवायचा? परंतु वरील सुनेच्या ठायीं अनुराग होता, शौच होतें, दक्षताही होती. नव्हती ती उपचारज्ञता, आणि चरकानें तिलाच पहिलें स्थान दिलें आहे. माया असून मनगट मुरगळलें, तें ज्ञान नव्हतें म्हणून.

परिचारिकेचे अभ्यासक्रम आज दोन, तीन व चार वर्षांचे आहेत. त्यांत मनाचे आजार आणि खेड्यांतील आरोग्य हे विषय आहेतच. त्यांना फौजी घराचा एक धडा जोडणें कठीण नाहीं. घरांत कोणी फौजेंत होतें काय, हा प्रश्न नोंदवहींतच असावा. तुटलेल्या पायाचा खुंट रोज कसा धुवावा, कोरडा करावा व तपासावा; कमरेखालीं संवेदना नसलेल्या माणसास दर दोन तासांनीं कूस बदलून शय्याव्रणांपासून कसें राखावें; दचकून उठणें, एकलकोंडेपणा आणि वाढतें मद्यपान यांतील नातें कसें ओळखावें, हें तिला समजलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत ज्यास 'शेल शॉक' म्हणत, त्या दुखण्यास स्वतंत्र आजार म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांत आजचें नांव मिळण्यास १९८० साल लागलें. मग आपल्या खेड्यांत त्यास बाधा म्हटलें, यांत नवल तें काय?

आणि शिपायाएवढेंच त्याचें कुटुंबही पाहावें लागतें. शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशींतच घरीं परततो. तोंवर त्याच्या बायकोनें शेत, मुलांच्या शाळा, सासऱ्याचें आजारपण सारें एकटीनें रेटलेलें असतें. आतां एका घरांत दोन कारभारी होतात. तिची झोंप, तिचा रक्तदाब, मुलांचा अबोला यांकडे बघण्यास डोळे लागतात. विधवेस तर औषधाइतकीच कागदपत्रांची वाट दाखविणारें माणूस हवें असतें.

२०२४ मध्यें हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झालें. शिकविण्याची सोय गांवांत येत आहे, तेव्हां शिकणाऱ्या मुली कोणत्या घरांतून येणार, हाही प्रश्न आहे. १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन स्थापन झालें आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं तेथील स्त्रिया ससून इस्पितळांत परिचारिकेचें काम शिकूं लागल्या. परक्यांचें अंग पुसणें, मलमूत्र काढणें हें आपल्या घरच्या बायकांचें काम नव्हे, असा तेव्हां आपल्या वर्गाचा पक्का ग्रह होता. तो त्या बायांनीं बोलून नव्हे, तर काम करून मोडला. आज तो ग्रह कोणी बोलून दाखवीत नाहीं. तथापि मुलगी डॉक्टर होतें म्हणाली कीं पेढे वांटले जातात, आणि परिचारिका होतें म्हणाली कीं माजघरांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. वाचकांच्या घरांत असा क्षण येईल, तेव्हां वडील माणसांनीं प्रथम बोलावें आणि होकार द्यावा, एवढीच आमची विनंती. सरहद्दीवर पाठविण्यास प्रत्येक घरांत मुलगा नसतो. तेथून परतलेल्यांस सांभाळण्याचें काम मात्र कोणत्याही घराच्या लेकीस करतां येतें.