खालच्या मजल्यावरच्या मावशी

परदेशात तुमचं बस्तान कुणी बसवून दिलं, असं विचारलं तर लोक बहुधा कंपनीचं किंवा एखाद्या मित्राचं नाव घेतात. मला ज्यांचं नाव घ्यायचं आहे, त्यांना ते छापून आलेलं रुचणार नाही. 2016 साली आम्ही पुण्याहून श्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात राहायला गेलो, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक ग्रीक बाई एकट्या राहत होत्या. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचे. इथंही तसंच म्हणते.

नवऱ्याला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी होती. मी त्याच्याबरोबर आलेली. मॅक्स म्यूलर भवनात ए-वन पातळीचं जर्मन शिकून आले होते, त्यामुळे आपल्याला भाषा येते असा माझा समज होता. घर मिळालं, घरमालकाने राहत्या जागेचा दाखला सही करून दिला, दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंदणीही झाली. आता सगळं झालं, असं वाटून मी निर्धास्त होते.

तरी पत्रं येईनात. बँकेचं कार्ड नाही, आरोग्यविम्याचं कार्ड नाही, कराचा अकरा आकडी क्रमांक नाही. तो क्रमांक कंपनीला मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापतात, म्हणून नवरा काळजीत. एका सकाळी मावशींनी दार वाजवलं आणि मला खाली पत्रपेट्यांपाशी नेलं. जर्मनीत आपल्यासारखे फ्लॅटचे नंबर नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. मावशींनी माझ्या हातात कागद, पेन आणि चिकटपट्टी दिली आणि म्हणाल्या, ‘लिही. मोठ्या अक्षरात.’ पेटीवर आणि दाराच्या घंटीवर, दोन्हीकडे मी नाव लिहिलं. त्या आठवड्यापासून पत्रं येऊ लागली.

त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून चिकटवली असती तर एका मिनिटाचं काम होतं. ते मला का करायला लावलं, असा प्रश्नही तेव्हा मला पडला नाही.

श्टुटगार्टच्या आसपास, म्हणजे श्वाबियन मुलुखात, केअरवोखे नावाची जुनी रीत आहे. इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीने झाडलोट करतात. लहान पाळीत आपल्या मजल्यावरचा जिना येतो. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फूटपाथ आणि हिवाळ्यात बर्फही. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आमच्या दारावर ती आली तेव्हा मी ती वाचली आणि तशीच राहू दिली. चिंचवडच्या घरी केर-फरशीला बाई यायची. जिना पुसणं हे आपलं काम नव्हे, हे मी कधी तोंडाने बोलले नसते, पण मनात तेच होतं. शनिवारी मावशी बादली घेऊन वर आल्या. त्यांनी आमच्या मजल्याच्या पायऱ्या पुसायला घेतल्या आणि मला लाजेने बाहेर यावं लागलं. मग फडकं कसं पिळायचं, कठड्याच्या गजांमधली धूळ कशी काढायची, हे त्यांनी दाखवलं आणि निम्म्या जिन्यावर बादली माझ्याकडे देऊन त्या खाली गेल्या.

त्या दिवसापासून शेजारी मला नमस्कार करू लागले. घराचे अलिखित नियम मला कळत गेले ते त्या जिन्यावरच. रात्री दहानंतर आवाज नको. रिकाम्या काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण डब्यात पडताना त्या खणखणतात. अनामत घेतलेल्या बाटल्या मात्र दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीचे पंचवीस सेंट परत मिळतात. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. फोडणीच्या वासाबद्दल मावशींनी कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त खिडकीचं सांगितलं.

मावशींच्या दिवाणखान्यात एका फळीवर जाडजूड फायली ओळीने उभ्या होत्या. पाठीवर बोट घालून ओढायला भोक असलेल्या, आत लोखंडी खटका असलेल्या. जर्मनीतल्या घराघरांत अशा फायली दिसतात आणि त्या बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीचं मूळ गाव श्टुटगार्टच. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला कागद साठवायची खोड लागते. एकदा चहा पिताना त्यांनी त्याचं कारण सांगितलं.

पश्चिम जर्मनीने 1960 मध्ये ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला. त्यानंतर काही वर्षांनी विशीच्या मावशी आगगाडीने म्यूनिकला उतरल्या आणि तिथून श्टुटगार्टच्या एका कारखान्यात आल्या. एका खोलीत चार मुली. पगाराच्या पावतीवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फोरमनच्या सांगण्यावर भरवसा ठेवला. पुढे निवृत्तिवेतनाचा हिशेब झाला तेव्हा सुरुवातीच्या एका कारखान्यातले बरेच महिने नोंदीतच नव्हते आणि सिद्ध करायला मावशींकडे कागद नव्हता. ‘तेव्हापासून मी दुसऱ्याला माझं पत्र वाचू देत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आधी मी वाचते, मग विचारते.’

दुसऱ्या दिवशी मीही तशी एक फाइल विकत आणली.

घरमालकाकडून वर्षाचा जादा खर्चाचा हिशेब आला तेव्हा ती फाइल घेऊन मी खाली गेले. मूळ भाड्याखेरीज हीटिंग, पाणी, कचरा यांसाठी दरमहा आगाऊ रक्कम द्यायची आणि वर्षअखेर हिशेब व्हायचा, अशी तिथली पद्धत. आम्हाला बरेच पैसे भरायला सांगितले होते. नवरा म्हणत होता, भरून टाकू, कटकट नको. मावशींनी मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. एका ओळीत कठड्याची दुरुस्ती होती. दुरुस्तीचा खर्च घरमालकाने सोसायचा असतो, तो या हिशेबात धरता येत नाही. आणि भाडेकरूला पावत्या पाहण्याचा हक्क असतो, हे मला तेव्हा कळलं. पत्र मी लिहिलं. चुका मावशींनी पेन्सिलीने खुणावल्या, दुरुस्त मला करायला लावल्या. पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. ती रक्कम वजा झाली. ती काही फार मोठी नव्हती, पण जर्मनीत मी लिहिलेल्या कागदावरून काहीतरी बदललं, असं ते पहिल्यांदाच घडलं.

पुढे मला दिवस राहिले. मावशींचं पहिलं वाक्य अभिनंदनाचं नव्हतं. ‘हेबामे शोध. आज.’ हेबामे म्हणजे सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येते, पहिले दहा दिवस लागलं तर रोज, आणि खर्च आरोग्यविमा करतो. पण सुइणी कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे उशीर करणाऱ्याला मिळत नाही. मी अडखळत फोनामागून फोन केले आणि शेवटी एक मिळाली. आईचा व्हिसा लांबला. डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन ती पोहोचली तेव्हा लेक दीड महिन्याची झाली होती. तोवर सुईण येत होती, आणि खालून व्हिनेगर घातलेलं मसुराचं सूप येत होतं. बाळंतिणीला आंबट कसं चालेल, असं आई फोनवर म्हणाली. मी ते वाटी पुसून खात होते.

लेक वर्षाची असताना एका रात्री तिला सणकून ताप चढला. नवरा कामानिमित्त परगावी होता. मी तिला कडेवर घेऊन खाली पळाले आणि फोन मावशींच्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ‘श्वास लागतोय? ओठ निळे पडलेत? नाही ना? मग 112 नको, 116117 लाव.’ मी लावला. त्या लेकीला घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. शब्द सुचेना तेव्हा एक-एक शब्द पुरवत गेल्या, पण वाक्य मलाच पुरं करावं लागलं. कुठल्या दवाखान्यात जायचं ते मला कळलं, मी उलट वाचून पक्कं केलं, मग आम्ही टॅक्सीने गेलो. त्या रात्री मला त्यांचा राग आला होता, हे खरं सांगायला हवं. एवढी घाबरलेली पोर समोर उभी आहे आणि ही बाई फोनही घेत नाही!

तो राग जायला वेळ लागला. पुढे मी नोकरीचे अर्ज केले, मुलाखती दिल्या, पाळणाघरासाठी कार्यालयात भांडले. त्यांतल्या कुठल्याच ठिकाणी मावशी नव्हत्या आणि माझं अडलं नाही, तेव्हा त्या रात्रीचा अर्थ लागला.

काही वर्षांनी त्यांनी मुलीकडे थेसालोनिकीला जायचं ठरवलं. घर सोडायची तीन महिन्यांची नोटीस ई-मेलने चालत नाही, सहीचा कागद लागतो. वीज, टेलिफोन, विमा, आणि शेवटी नगर कार्यालयातली नोंद रद्द करणं, असं बरंच काम होतं. सगळं मी करून देते, असं मी मोठ्या उत्साहाने म्हटलं. माझ्या हातून काही फिटेल, असं मनात होतं. मावशींनी पत्रांची चळत पुढे ठेवली. सगळी लिहून तयार होती. ‘चष्मा बदलायचा राहिलाय,’ म्हणाल्या, ‘स्पेलिंग तेवढी बघ.’ मी पाहिली. दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. दुरुस्त त्यांनीच केलं.

आता पुण्याहून नवं कुणी आलं की माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोहोचतो. बहुतेकांना वाटतं, ताईंनी एक फोन करून द्यावा. करून देणं सोपं असतं, वेळ वाचतो, समोरचा आभार मानतो आणि आपल्यालाही बरं वाटतं. समोरच्याची वाक्यं अडखळत असताना गप्प बसायला जी माया लागते, ती मावशींकडे होती. माझ्यात ती अजून पुरती उतरलेली नाही. कितीदा तरी मी फोन घेऊन टाकते, आणि ठेवल्यावर कळतं की त्या माणसाला उद्या पुन्हा कुणाला तरी फोन करावा लागणार आहे.